१५ वर्षांची गाडी ठेवायची की काढायची?

गेल्या डिसेंबरात आमच्या गाडीच्या आरसीची मुदत संपली. २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ११ पासिंग, शोरूममधून आणली तेव्हापासून आमच्याच दारात. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीपासून घरात तोच विषय. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते. आत्ताच एक्स्चेंजला घाला, चार पैसे तरी येतील." शेजारच्या काकांचं उलटंच, "नव्या गाड्यांत आता पत्रा तरी उरलाय का? आहे ती सांभाळ." दोघंही मनापासून सांगत होते, पण आकडे दोघांकडेही नव्हते.

मी साताऱ्यात राहते आणि कोरेगावच्या शाळेत गणित शिकवते. रोजचे जाऊन-येऊन ४० किलोमीटर. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुणे, सुट्टीत जावळीतलं सासरचं गाव. वर्षाकाठी गाडी साधारण १२,००० किलोमीटर पळते. माझा पहिलाच तास असतो, त्यामुळे गाडी वाटेत बंद पडून चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन बसले, जुनी बिलं काढली, आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात दोन दुपारी घालवल्या आणि आरटीओचे नियम वाचले. आमच्याच गल्लीत निदान चार घरं याच प्रश्नापाशी अडकलेली आहेत, म्हणून जे हाती लागलं ते नीट मांडते.

१५ वर्षं झाली म्हणजे काय होतं

दिरांचा समज सगळीकडे ऐकू येतो आणि तो दिल्लीवरून आलेला आहे. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणू नयेत, असे आदेश झाले. हरित लवादानं ते दिले आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उचलून धरले. पुढं त्यांचं काय होतंय हा तिकडचा विषय. महाराष्ट्रात खासगी गाडीला असं वयाचं बंधन नाही. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली की गाडी आरटीओला दाखवायची, पास झाली की नोंदणी आणखी ५ वर्षं वाढते. यालाच आपण रिपासिंग म्हणतो. पुढं दर ५ वर्षांनी हेच.

अर्ज फॉर्म २५ वर करायचा, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. एप्रिल २०२२ पर्यंत चारचाकीची फी ६०० रुपये होती, ती ५,००० झाली. गाडी २० वर्षांपुढं गेली तर ऑगस्ट २०२५ पासून ती १०,००० आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, म्हणजे ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात तो, ५ वर्षांचा एकदम. विमा आणि पीयूसी चालू पाहिजे, दंडाची चलनं भरलेली पाहिजेत, आणि गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली पाहिजे. आमच्या गाडीचा मागचा एक ब्रेकलाइट लागत नव्हता. बल्ब बदलला, पुन्हा दाखवली, काम झालं.

थोडक्यात, कायदा तुम्हाला गाडी विकायला लावत नाही. ठरवायचं आपल्यालाच आहे.

"सव्वा लाखाच्या गाडीवर ४० हजार घालायचे?"

हा प्रश्न मी इतक्यांकडून ऐकलाय की त्यावर जरा थांबते. गाडीची बाजारातली किंमत सव्वा लाख आणि मिस्त्री ४० हजारांचं काम सांगतोय, म्हणजे हा आतबट्ट्याचा व्यवहार, असं चटकन वाटतं. पण दुरुस्तीनं गाडीची किंमत वाढत नसते, आणि आपणही त्यासाठी ती करत नाही. त्या ४० हजारांत आपण पुढचं धावणं विकत घेतो. म्हणून ताडून बघायचं ते असं: या पैशात किती वर्षं मिळतात, आणि तेवढीच वर्षं नव्या गाडीतून काढायची तर किती पडतात?

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी. "गेल्या वर्षीच क्लच, शॉकअप, टायर सगळं बदललं, ७० हजार गेले, आता विकायची कशी?" गेलेले पैसे गेले. ठेवली काय, विकली काय, ते परत येत नाहीत. हिशेब आजपासून पुढचा.

आता माझ्या वहीतलं गणित. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच ठेवा.

नवी पेट्रोल हॅचबॅक, शोरूमची किंमत ७ लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला, म्हणून ही किंमत आता आधीपेक्षा बरी आहे. तरीही महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे इथं ७७,०००. विमा आणि किरकोळ धरून गाडी दारात येईपर्यंत सव्वाआठ लाख. त्यातले पावणेदोन लाख हातचे, साडेसहा लाख कर्ज, ९ टक्क्यांनी ५ वर्षं. हप्ता सुमारे १३,५०० रुपये आणि ५ वर्षांत व्याज १ लाख ६० हजार. पाच वर्षांनी ती गाडी ४ लाखांना गेली असं धरलं तर सव्वाचार लाख नुसते किमतीतून झिजले. पुढच्या चार वर्षांचा विमा ६० हजार, सर्व्हिसिंग ३५ हजार. सगळं मिळून ६ लाख ८० हजार. वर्षाला १ लाख ३६ हजार, आणि यात पेट्रोलचा एक थेंबही धरलेला नाही.

जुनी गाडी. आज सव्वा लाख, पाच वर्षांनी ४० हजार, म्हणजे वर्षाला १७ हजारांची झीज. १००० ते १५०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ पासून ३,४१६ रुपये, कर आणि चालकाचा अपघात विमा धरून साडेचार हजार. रिपासिंग, ग्रीन टॅक्स, नंबरप्लेट यांचा वर्षाला वाटून २ हजार. उरली दुरुस्ती. गेल्या पाच वर्षांची माझी बिलं होती १८, ३१, ७२, २६ आणि ४३ हजार. बहात्तरच्या वर्षी क्लच, शॉकअप आणि चारही टायर एकदम आले होते, आणि त्याच वर्षी मी गाडी विकायला निघाले होते. सरासरी मात्र ३८ हजार. ४० धरले. एकूण वर्षाला ६४ हजारांच्या आत.

फरक ७२ हजारांचा. त्यातून पेट्रोल वजा करू, कारण माझी गाडी लिटरला १५ देते आणि नवी २० देईल. १२,००० किलोमीटरला जुनीला ८०० लिटर, नवीला ६००. दोनशे लिटरचे, १०५ रुपयांनी, २१ हजार. तरीही जुनी गाडी मला वर्षाला ५० हजारांनी स्वस्त पडते.

मग तेच गणित दिरांसाठी मांडलं आणि माझेच डोळे उघडले. ते शिरवळला कंपनीत जातात. जाऊन-येऊन ११० किलोमीटर, वर्षाला ३०,००० च्या घरात. तेवढ्या रनिंगला पेट्रोलचाच फरक ५२ हजारांवर जातो. टायर, ब्रेक पॅड, ऑइल हे सगळं अडीचपट वेगानं संपतं, त्याचे वीसेक हजार वाढतात. म्हणजे माझ्या वहीत दिसणारे ७२ हजार त्यांच्या वहीत जवळजवळ पुसले जातात. त्यांनी कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली गाडी घेतली तर पारडं नवीकडेच झुकतं. म्हणजे गाडी किती वर्षांची यापेक्षा ती वर्षाला किती पळते, हे या हिशेबात जास्त वजनदार आहे.

लोखंड टिकतं, रबर दमतं

पैशाचं झालं. पण भरवसा? पहाटे सहाला किल्ली फिरवली की गाडी चालू होणार का? लोकांना नवी गाडी हवी असते ती बहुतेक याच काळजीपोटी.

आमचे मिस्त्री म्हणाले, "मॅडम, इंजिन माणसाला रस्त्यात सोडत नाही. सोडतं ते रबर, नाहीतर पाणी." मला हे वाक्य इतकं पटलं की मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. इंजिनचा ब्लॉक, गिअरबॉक्स, चेसिस ही गाडीची हाडं. ऑइल वेळेवर बदललं तर ती दोन लाख किलोमीटर सहज काढतात. पण होज पाइप, बेल्ट, बुश, इंजिन माउंटिंग, सील ही सगळी रबरी मंडळी किलोमीटरवर म्हातारी होत नाहीत, कॅलेंडरवर होतात. गाडी शेडमध्ये उभी असली तरी होतात. म्हणून "कमी पळालेली जुनी गाडी" ऐकून भुलू नये. ४०,००० किलोमीटर झालेल्या १५ वर्षांच्या गाडीचा रेडिएटरचा पाइपही १५ वर्षांचाच असतो.

माझ्याच गाडीची एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण अनेकांच्या गाड्यांत ही चूक आजही बसलेली असणार.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याहून परत येताना खंबाटकी चढत होतो. एसी चालू, गाडीत पाच माणसं, पुढं उसाचा नाही पण सळईचा ट्रक रांगतोय. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. थांबलो, गार होऊ दिली, कसाबसा घाट उतरलो आणि रस्त्याकडेच्या एका फिटरला दाखवली. त्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेतली झडप, काढून टाकला, बोअरचं पाणी भरलं आणि म्हणाला, आता कधी गरम होणार नाही. खरंच झाली नाही. पण तिथून अॅव्हरेज लिटरला दोन-अडीच किलोमीटरनं उतरलं आणि थंडीत ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसायला लागला. तीन वर्षं मला कारण कळलं नव्हतं.

मिस्त्रींनी ते गॅरेजच्या स्टोव्हवर दाखवलं. चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं, नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून त्यात सोडला. लिंबाएवढी पितळी वस्तू, मधे झडप, झडपेला स्प्रिंग, पोटात मेण. पाणी कोमट झालं, काही नाही. वाफ यायला लागली, काही नाही. उकळी फुटायच्या जरा आधी झडप हळूच वर सरकली आणि कडेनं करंगळीएवढी फट पडली. बाहेर काढून वाऱ्यावर धरला तशी मिटली. ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं, एवढंच त्याचं काम. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरला जातं. इंजिन कायम थंड. थंड इंजिनाला गाडीतला संगणक जास्त पेट्रोल पाजतो, ऑइल घट्ट राहतं, बाष्प उडून जात नाही आणि त्याचाच तो दुधी चिकटा होतो. शिवाय गाडी मुळात गरम का झाली, ते तसंच राहतं.

आमचं कारण बोअरचं पाणी. क्षारांनी रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या बुजल्या होत्या, आपल्याकडं हंड्याच्या तळाला बसतो तसाच पांढरा थर. आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं. ते झाकण बाटलीच्या बुचासारखं वाटतं, पण प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करतं. आतला दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत नेतं. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं. झाकणानं दाब धरला नाही तर घाटात गाडी किती लवकर उकळेल, याचा अंदाज यावरून येतो. नवं झाकण दोन-तीनशे रुपयांचं. थर्मोस्टॅट, झाकण, रेडिएटरची सफाई, दोन होज आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट, एवढ्यात गाडी पूर्ववत झाली आणि अॅव्हरेजही परत आलं. तुमच्या गाडीला दहा-पंधरा मिनिटं चालवूनही काटा मधे येत नसेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारा.

साताऱ्याकडं घाट चढण्याइतकाच उतरण्याचा प्रश्न आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्याकडं पश्चिम भागात चार महिने हवेत ओलच असते. डॉट ४ या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येऊ शकते. पसरणी घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल, तर तेवढी उष्णता तयार होते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, वरून भर घालायची नाही. खर्च फार तर हजार रुपये. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुन्या ड्रायव्हर मंडळींचं सांगणं आजही सोळा आणे खरं आहे.

इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ठेवतो तो टायमिंग बेल्ट. तो असलेल्या गाडीत मुदतीआधी बदलावाच. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि पाच-सात हजारांच्या कामाच्या जागी इंजिनचं हेड उतरवायचं मोठं काम निघतं. मारुती ८०० ला, जुन्या सॅन्ट्रोला बेल्ट आहे, स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन. आपल्या गाडीला काय आहे ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर मिस्त्रींना विचारा, पण आजच विचारा.

स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढं घेतली की पुढच्या चाकातून कटकट आवाज येतो का? येत असेल तर एक्सलच्या टोकाचं रबरी बूट फाटून ग्रीस निघून गेलंय आणि जॉइंट झिजलाय. आवाज यायच्या आधी, गाडी रॅम्पवर असताना, बूटला चीर दिसली की बदलून घेतलं तर हजार-बाराशेत भागतं. मी थांबले होते, मला साडेसात हजार पडले.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की बंद पडायची वाट बघू नका. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर टायरकडं संशयानं बघावं, दहानंतर ठेवूच नये.

एक विषय तर आपल्या भागाच्या अगदी जवळचा. सातारा-सांगलीच्या उसापासून इथल्याच कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत इथेनॉल होतं आणि ते आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांचे भाग त्याला सोसतील असे बनवलेले असतात, आपल्या जुन्या गाड्यांचे नसतात. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी, त्यामुळं शुद्ध पेट्रोलच्या मानानं या मिश्रणात ६-७ टक्के ऊर्जा कमी असते. अॅव्हरेज थोडं उतरलं म्हणून लगेच इंजिन खोलायला जाऊ नका. खरी काळजी पेट्रोलच्या रबरी पाइपची आणि ओ-रिंगची. जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल ठिबकणं ही आगीला आमंत्रण देणारी गोष्ट आहे. मी रिपासिंगच्या आधी इथेनॉल सोसणारे पाइप टाकून घेतले आणि पेट्रोलचा फिल्टर बदलला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथंच ठेवून मिस्त्रींना बोलवा. इथेनॉलही पाणी ओढतं, म्हणून दोन-तीन महिने गाडी उभी ठेवायची असेल तर तेच पेट्रोल टाकीत मुरवत ठेवू नका.

दुरुस्तीनं जे येत नाही

इथवर माझं मन जुन्या गाडीकडं होतं. पण एक गोष्ट मी कितीही पैसे घातले तरी माझ्या गाडीत येणार नाही.

एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, आणि २०२१ संपेपर्यंत शेजारच्या सीटचीही. धडकेच्या चाचणीचे नियमही याच सुमारास लागू झाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे, म्हणजे धडकेच्या चाचणीत गाडीला मिळालेले, तारे बघून गाडी निवडता येते. माझ्या २०१० च्या गाडीत यातलं काही नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की एबीएस नसलेल्या गाडीची चाकं जाम होतात आणि जाम चाकं वळत नाहीत. स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच घसरते. एबीएस सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडून-धरून चाक फिरतं ठेवतं, म्हणून समोरचं चुकवता येतं. जुलैमध्ये ज्यांनी केळघरचा घाट केलाय त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. शेजारचे काका पत्रा जाड म्हणून जुनी गाडी भक्कम म्हणतात, तेही मला आता पटत नाही. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडेल असा बनवतात, म्हणजे धक्का पत्र्यात जिरतो आणि माणसांपर्यंत कमी पोचतो.

मी याचा विचार असा केला: कोरेगाव रस्त्याला माझा वेग ५०-६० चा असतो, बहुतेक वेळा गाडीत मी एकटी. तेवढ्यासाठी मी ही गाडी ठेवते. पुण्याला आता आम्ही शक्यतो एसटीनं जातो. रोज महामार्गावर ९० च्या वेगानं जाणाऱ्या माणसाला, लहान मुलं मागं बसवून जाणाऱ्या घराला मी जुनी गाडी ठेवा असं सांगणार नाही, हिशेब कितीही सांगत असला तरी. आणि ज्या घरात कुणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचंय, तिथं "बहुतेक चालू होईल" अशी गाडी नकोच.

कधी सोडावी, आणि तिसरी वाट

हाडं गेली की गाडी सोडावी. दरवाज्याखालचा रनर, फ्लोअर, शॉकअप बसतात ती जागा यांना गंज लागून स्क्रू ड्रायव्हर आत जात असेल तर डागडुजी करत बसू नये, धडकेत तीच जागा आधार देते. कोकणात वर्षानुवर्षं राहिलेल्या गाडीत हे आधी बघा. इंजिन ऑइल खातंय, निळा धूर येतोय आणि मिस्त्री इंजिनच्या सिलिंडरच्या बोअरचं काम सांगतायत, तर तो खर्च आणि दुसऱ्या गाडीचा खर्च शेजारी मांडा. पार्टच मिळत नसतील तर नाइलाज. शेवरोलेनं २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथल्या विक्रीसाठीचं उत्पादन. अशा गाडीला एका सेन्सरसाठी महिना-महिना थांबावं लागू शकतं, तर मारुतीचे पार्ट कोरेगावातही हातोहात मिळतात. आणि तोच दोष नीट दुरुस्त करूनही वर्षात तिसऱ्यांदा रस्त्यात उभी राहिली, तर माझ्या मते भरवसा संपला.

सोडायची ठरली तरी थेट शोरूमच गाठायला हवं असं नाही. चार-पाच वर्षांची, २०२१ नंतरची गाडी घेतली तर पहिल्या वर्षांतली मोठी झीज आधीच्या मालकानं सोसलेली असते आणि एअरबॅग, एबीएस दोन्ही मिळतं. विम्याच्या तक्त्यातसुद्धा गाडीची किंमत ५ वर्षांत निम्मी धरतात. फक्त आपल्या भागात एक तपासणी चुकवू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुरानं सांगलीत आणि कऱ्हाडकडं कित्येक गाड्या बुडाल्या, आणि पुरातली गाडी धुऊनपुसून कुठल्याही गावात विकता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. सीटच्या खालचे बोल्ट बघा. डिक्कीतलं स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात बोट फिरवा. गालिचा उचलून वास घ्या. वायरिंगला पाणी लागलेली गाडी पहिलं वर्ष बरी चालते आणि मग एकेक दिवा, एकेक सेन्सर मरायला लागतो.

नवी घेणार असाल तर एवढंच बघा, की रोजचं जाणं गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर असेल तर डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून महामार्गावर पळवावी लागते. राजवाडा ते पोवई नाका करणाऱ्या गाडीचा तो तुंबतो.

दिरांनी पाडव्याला नवी सीएनजी गाडी आणली, सुरक्षेचे तारे बघून. पेढे द्यायला आले तेव्हा माझी वही चाळत बसले होते. मी गाडीच्या नावानं महिन्याला ४,००० रुपयांचं आरडी सुरू केलंय, म्हणजे बहात्तर हजारांचं वर्ष पुन्हा आलं तरी घाबरून गाडी विकायची वेळ यायची नाही. मेच्या पानावर तीन नोंदी आहेत: ब्रेक ऑइल, दोन वर्षं होतात. वायपरची रबरं. डाव्या एक्सलचं बूट, उजव्याच्या वेळी बदललेलं नाही, रॅम्पवर घेऊन बघणे.